एका होकारासाठी थांबलेले सुभेदारसाहेब

...आणि म्हणूनच मी संपादक मंडळाला फोनवर म्हटलं, की साहेबांबद्दल लिहायचं तर मला धक्क्यांबद्दलच लिहावं लागेल. दुसरं काही येतच नाही डोक्यात. ते म्हणाले, लिही, पण गौरवग्रंथ आहे, जरा आदराने. आता आदर तर आहेच. पण माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, त्यामुळे ‘ऋषितुल्य’ वगैरे मला जमणार नाही. जसं बोलतो तसं लिहितो, सांभाळून घ्या.

सुभेदार जयराम हरड साहेबांना मी पहिल्यांदा भेटलो ते नव्वदीच्या शेवटी, बारावीचा निकाल लागल्यावर. मी मामांकडे सापगावला राहून शहापूरच्या शाळेत शिकलो. सायन्स होतं, डॉक्टर व्हायचं होतं, आणि मेडिकलची लिस्ट माझ्यापासून फारच लांब थांबली. मग कुणीतरी सांगितलं की फौजेत जवान म्हणून भरती होऊनही मेडिकलमध्ये जाता येतं, ‘नर्सिंग असिस्टंट’ म्हणतात, आणि त्याची तयारी धसईला एक रिटायर्ड मिलिटरी डॉक्टर फुकट करून घेतात. मी सरळ घरी येऊन आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगून टाकलं, “मी मिलिटरीत डॉक्टर होणार.” आप्पा आमच्या गावाजवळच्या धसईच्या बाजारात भाजी विकायचे. त्यांनी त्या दिवशी अख्ख्या बाजाराला ही बातमी भेंडीबरोबर वाटली.

साहेब तेव्हा शाळेमागच्या मैदानावर मुलांना पळवत होते. उंच, सडपातळ, पांढरी मिशी, पायात कॅनव्हासचे बूट. मी पुढे होऊन म्हटलं, “गुड मॉर्निंग डॉक्टर.”

ते थांबले. “कोण डॉक्टर?”

“तुम्हीच ना सर?”

“मी डॉक्टर नाय. मी शिपाई म्हणून भरती झालो नि सुभेदार म्हणून घरी आलो. मधली सगळी वर्षं पेशंटची सेवा केली. बेडपॅन उचलली, ड्रेसिंगं केली, मढी धुतली. डॉक्टर दुसरे होते, ते खुर्चीत बसायचे. तुला खुर्ची पायजे असेल तर तू चुकीच्या मैदानात आलास.”

हा पहिला धक्का. अख्खा मुरबाड तालुका ज्यांना डॉक्टर म्हणायचा, ते स्वतःच नाही म्हणत होते! आणि नुसतं तोंडाने नाही. निवृत्त होऊन गावी आल्यावर लोक त्यांच्याकडे ताप-खोकल्याला सुई टोचून घ्यायला यायचे. साहेबांनी कधी कुणाला एक सुई दिली नाही. लोक चिडायचे, “मिलिटरीत हजार सुया मारल्या नि आमाला एक नाय?” साहेब म्हणायचे, “तिथं डॉक्टर लिहून द्यायचा, मी टोचायचो. इथं लिहून कोण देणार, तुझी म्हैस?” पण तोच माणूस पेशंटबरोबर जीपमध्ये बसून शहापूरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत जायचा, रांगेत उभा राहायचा, आणि त्याला घेऊनच परत यायचा. हे धसईत आजही कुणालाही विचारा.

आता दुसरा धक्का. मला वाटलं होतं, पळायला लावतील, पुशअप्स मारायला लावतील. ते तर होतंच. पण मेडिकलला जायचं म्हणणाऱ्या मुलांसाठी साहेबांची एक वेगळी अट होती. आपल्याच गावातलं एखादं अंथरुणाला खिळलेलं माणूस घ्यायचं आणि भरतीपर्यंत त्याची सेवा करायची. धुणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं. “हे ज्याला जमत नाय त्यानं बंदूक घ्यावी. तीपण इज्जतीचीच नोकरी हाय,” असं म्हणायचे.

मला त्यांनी आमच्या गावाबाहेरच्या कातकरीवाडीवरचे लाडक्या मुकणे दिले. आम्ही त्यांना आता लाडक्याबाबा म्हणतो. तेव्हा त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं होतं. हात लुळा, पाय लुळा. मुलगा-सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले की पावसाळ्यापर्यंत येत नसत. शेजारच्या चांगुणाबाई भाकर-कालवण द्यायच्या, पण बाकीचं कोण करणार? पाठीवर जखम व्हायला लागली होती. साहेबांनी मला तिथे उभं करून सगळं दाखवलं. कूस कशी बदलायची, लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, अंग कोरडं कसं ठेवायचं. आणि मी सुरू झालो.

खरं सांगू? पहिल्या दिवशी मी वाडीच्या मागे जाऊन उलटी केली. पण रोज गेलो. लाडक्याबाबा काही बोलायचे नाहीत. मी गेलो की भिंतीकडे तोंड करायचे. मला वाटायचं, आजारपण आहे, म्हातारपण आहे, असेल.

आमच्या गावात कुठली गोष्ट झाकून राहते? कुणीतरी मला घमेलं घेऊन वाडीवरच्या ओढ्याकडे जाताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात बैठक. पोलीस पाटील, आप्पा, आमचे रामाकाका, भावकीतले सगळे. साहेबांना धसईहून बोलावून घेतलं. साहेब आले, चपला काढल्या, खाली बसले.

रामाकाकांनीच सुरुवात केली. “साहेब, तुमी मिलिटरीत काय केलं ते केलं. आमचा पोरगा इंग्लिश मीडियमला घातला तो काय वाडीवर गू काढायला?”

“तिथं पहिल्या दिवसापासून हेच काम हाय,” साहेब म्हणाले.

आप्पांचा चेहरा लाल झालेला. “डॉक्टर होणार असं सांगितलंत तुमी.”

“मी नाय सांगितलं. त्यानं कुठं ऐकलं त्याला विचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मारुतीकडे पाहिलं.

“ते जाऊ द्या,” रामाकाका म्हणाले. “उद्यापासून पोरगा वाडीवर जाणार नाय. नि तुमाला असली थेरं शिकवायची असतील तर आमच्या गावची पोरं तुमच्या मैदानावर येणार नाय.”

म्हणजे माझी भरती तिथेच संपली. साहेब नसतील तर मी एकटा काय तयारी करणार होतो? तेवढ्यात बाहेर गलका झाला. बघतो तर वाडीवरचे चार जण बांबूला झोळी बांधून लाडक्याबाबांना घेऊन आलेले. देवळासमोर झोळी खाली ठेवली. माझा तर जीव भांड्यात पडला. म्हटलं, बरं झालं, आता हे आमच्या बाजूने बोलतील.

लाडक्याबाबा कोपरावर उठायला गेले, जमलं नाही. तसेच पडून बोलले. जीभ जड, पण शब्द कळत होते.

“माज्यावरून भांडताय ना? मंग मला बी बोलू द्या. बाटला कोन, तुमचा पोरगा का मी, ते मला नाय कळत. मला येवढंच कळतं, माजी लाज गेली. सायबानं मला इचारलं नाय, पोरानं इचारलं नाय. आले नि धोतर सोडलं. अरं, ढोराला हात लावायच्या आधी बी मानूस तोंडानं च्यक् च्यक् करतो! मी काय लाकूड हाय?”

बैठकीला आलेले सगळे ‘आमचा पोरगा, आमची इज्जत’ करत होते. या माणसालाही लाज असते, त्याची इज्जत जाऊ शकते, हे त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. आणि माझ्याही नाही, जो रोज त्यांना हात लावत होता. ते भिंतीकडे तोंड का करायचे, हे मला त्या क्षणी कळलं आणि कानाखाली बसल्यासारखं झालं.

पण खरा धक्का पुढे आहे. साहेब उठले. देवळातून खाली उतरून झोळीजवळ गेले आणि सगळ्या गावासमोर त्यांनी लाडक्याबाबांना हात जोडले.

“लाडक्या, चुकलो. तिथं वॉर्डात पेशंटला कोण विचारत नाय, हुकूम असतो. मला तीच सवय. पोरालापण मीच तसं शिकवलं. विचारायला पायजे होतं.”

ज्यांच्यासमोर तालुक्यातली पोरं अटेन्शनमध्ये उभी राहतात, ते सुभेदार एका वाडीवरच्या माणसाची माफी मागत होते, आणि तीही कुणी मागायला लावलेली नसताना! आजपर्यंत मी मोठी मोठी माणसं पाहिली, ‘सॉरी’ म्हणताना पाहिली. असं नाही पाहिलं.

मग साहेब म्हणाले, “आता विचारतो. पोराला येऊ दे का?”

“नको,” लाडक्याबाबा म्हणाले.

आणि इथे आमचे आप्पा एकदम उठून उभे राहिले. “नको म्हणजे? का नको? आमच्या पोरात काय खोट हाय?”

पोलीस पाटील बघतच राहिले. “अरे बाबा, तूच आत्ता नको म्हणत होतास ना?”

“ते वेगळं! आमी नको म्हणणं वेगळं. ह्यानं नको म्हणायचं म्हणजे काय? शहापूरला शिकलाय पोरगा!”

अख्खं देऊळ हसायला लागलं. झोळी आणणारी वाडीवरची माणसंही हसली, आणि लाडक्याबाबाही तोंडाच्या एका बाजूने हसले. म्हणाले, “खोट नाय गा. हात कच्चा हाय. कोंबडी धरल्यागत धरतो. नि तोंडानं बोलत नाय. नुसता येऊन बसू दे. मी सांगीन तवा हात लावल.”

“नि तोवर तुझं करायचं कोणी?” साहेबांनी विचारलं.

“तू कर. तू म्हातारा हायेस, तुझी नाय मला लाज वाटत.”

रामाकाका पुटपुटत राहिले, पण आप्पांची आता ईर्ष्या पेटली होती. घरी जाताना मला म्हणाले, “उद्या लवकर जा. नि नीट बोल त्याच्याशी. नाय म्हणतो म्हणजे काय!”

तेव्हापासून मी रोज जायचो आणि नुसता बसायचो. माझ्या डोळ्यांसमोर साहेब त्यांना आंघोळ घालायचे, आणि प्रत्येक वेळी आधी विचारायचे. “आता कुशीवर घेतो, घेऊ ना?” वर्षानुवर्षांची फौजी सवय मोडत होते हो ते, उतारवयात! कधी विसरले की लाडक्याबाबा बरोब्बर टोकायचे, “सुभेदार, च्यक् च्यक्.” साहेब थांबायचे, सॉरी म्हणायचे, परत विचारायचे.

मी आणि लाडक्याबाबा गप्पा मारायचो. ओढ्यात खेकड्याचं बीळ कसं ओळखायचं, हात कुठून घालायचा, ते सांगायचे. एकदा विचारलं, “खेकड्याला विंग्रजीत काय?” म्हटलं, “क्रॅब.” “येवढंसंच? येवढ्या नांग्या नि नाव येवढंसं?” आणि किती तरी वेळ हसत राहिले. पण हात काही लावू देईनात.

इकडे भरतीची तारीख आली. मला वाटायचं, लाडक्याबाबांना सांगून टाकावं की तुमच्यामुळे माझं अडलंय. साहेबांनी साफ मनाई केली. “तारीख सांगायची नाय. तुझी नोकरी अडलीय म्हटल्यावर तो बिचारा हो म्हणेल. तो होकार तुझ्या नोकरीला. तुझ्या हाताला नाय.”

भरतीच्या दिवशी पहाटे धसई नाक्यावर टेम्पो उभा होता. आम्ही सगळी पोरं चढलो. आप्पा सोडायला आलेले, नारळ घेऊन. साहेब टेम्पोच्या मागे आले आणि मला म्हणाले, “लाडक्या हो म्हणाला?”

“नाही सर. अजून नाही.”

“मग खाली उतर.”

मला वाटलं, मस्करी करतायत. “सर, पळण्यात मी पहिला आहे. पेपरची तयारी पण—”

“बंदुकीच्या रांगेत उभा राहणार असशील तर बस. मेडिकलच्या रांगेत नाय. जो माणूस नाय म्हणतोय तो तुझा एकुलता एक पेशंट हाय. उद्या तुझ्या वॉर्डात त्याच्यासारखे भरलेले असतील. त्यांना तर नाय म्हणायची सोयपण नसेल.”

मी उतरलो. टेम्पो गेला. आप्पांच्या हातात नारळ तसाच. साहेबांना तोंडावर काही बोलले नाहीत, पण मला म्हणाले, “तू एसटीनं जा. एकटा जा. ह्याचं काय चालतं तिथं?”

आप्पांचं खरं होतं. भरतीच्या मैदानावर साहेबांना कोण विचारत होतं? मी एसटीने जाऊ शकत होतो. पण मला इतका राग आला होता, इतका, की मला आधी कुणाशी तरी भांडायचं होतं. साहेबांशी भांडायची हिंमत नव्हती. मी तडक वाडीवर गेलो आणि लाडक्याबाबांवर ओरडलो.

“तुमच्या एका ‘हो’साठी माझं वर्ष गेलं! आज भरती होती. साहेबांनी मला टेम्पोतून उतरवलं!”

लाडक्याबाबा माझ्याकडे बघत राहिले. “कोनाच्या हो साठी?”

“तुमच्या!”

“माज्या?” त्यांना खरंच कळेना. “सायबानं माज्या हो साठी टेम्पो सोडला?”

“हो!”

ते वर झोपडीच्या आढ्याकडे बघायला लागले. मी दारात तसाच उभा, धापा टाकत. शेवटी म्हणाले, “माज्या जल्मात माज्या हो साठी कोन थांबला नाय रं. भट्टीवाला थांबला नाय. पोरगा थांबला नाय. ह्यो हात बी थांबला नाय.” आणि डाव्या हाताने त्यांनी आपला लुळा उजवा हात उचलून छातीवर ठेवला.

मग म्हणाले, “पानी तापव.”

“कशाला?”

“आंगोळ. आज सायबाची नको. तू घाल. नि डोळ्यात साबन नको घालू, मिलिटरी.”

मी पाणी तापवलं. विचारलं, “धोतर सोडू ना?” ते म्हणाले, “सोड.” आणि तोंड भिंतीकडे केलं नाही.

त्या दिवशी मी एसटी चुकवली. वर्ष गेलं ते गेलंच.

संपादक मंडळाने साहेबांच्या मायेबद्दलही लिहायला सांगितलं होतं, तर हे लिहितो. त्यानंतर आप्पांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. साहेब मग दर बाजारच्या दिवशी आप्पांच्या पाटीशेजारी येऊन बसायला लागले. आप्पा बोलायचे नाहीत, साहेब बसायचे. ऊन चढलं की गोणपाट डोक्यावर घ्यायचे, पण उठायचे नाहीत. एकदा गिऱ्हाइकांची गर्दी झाली तेव्हा साहेबांनी भेंडी तोलायला तराजू उचलला. आप्पा ओरडले, “साहेब, माझ्या तराजूला हात लावायच्या आधी विचारायचं!” साहेब लगेच म्हणाले, “चुकलो. लावू का?” आप्पा हसले ना! महिने गेले होते, पण हसले. मग साहेब म्हणाले, “आप्पा, पोराचं वर्ष माझ्यामुळं गेलं. ते मला परत देता येत नाय.” आप्पांनी त्यांच्या पिशवीत वांगी टाकली आणि म्हणाले, “गेलं तर गेलं. भरीत करा.”

पुढच्या भरतीत मी मेडिकलला लागलो. लाडक्याबाबा त्याआधीच्या पावसाळ्यात गेले. शेवटची आंघोळ साहेबांनी आणि मी मिळून घातली. साहेबांनी तेव्हाही विचारलं, “लाडक्या, कुशीवर घेऊ ना?” उत्तर येणार नव्हतं, तरी थोडं थांबले, आणि मगच हात लावला.

आज मी ज्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये आहे, तिथे पाय गेलेली, शुद्ध नसलेली माणसं येतात. मी विचारून हात लावतो. नवीन मुलं हसतात, “उस्ताद, उसको सुनाई नहीं देता.” हसू देत.

आज आपले सुभेदारसाहेब पंचाहत्तरीचे होतायत आणि अजूनही शाळेमागच्या मैदानावर पोरांना पळवतायत. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, डोळे असेच तिखट राहोत, आणि काकूंच्या, म्हणजे साहेबांच्या मिसेसच्या, हातची तांदळाची भाकर त्यांना पुढची कितीतरी वर्षं पचत राहो. त्यांना कधी अंथरूण धरावं लागू नये. आणि लागलंच तर त्यांच्या उशाशी येणारा प्रत्येक जण त्यांच्या होकारासाठी थांबो.

पण एक गोष्ट राहते. साहेबांच्या हाताखालून गेलेले आम्ही जमलो की दरवेळी यावर वाद होतो. निम्मे म्हणतात, साहेबांनी अन्याय केला, गरिबाघरच्या एखाद्या पोराचं वय त्या एका वर्षात निघून गेलं असतं तर? मी साहेबांच्या बाजूने भांडतो. तरी कधी कधी धसई नाक्यावर नारळ घेऊन उभे असलेले आप्पा आठवतात आणि माझं उत्तर अर्ध्यावर थांबतं. ही अट पुढच्या पोरांना ठेवायची की काढायची, हे आता साहेब आम्हालाच ठरवायला सांगतायत. तुम्ही त्या पहाटे टेम्पोमागे उभे असतात, तर मला उतरवलं असतंत का?